विश्लेषण : किटमधलं चिमुकलं घर उभं कसं राहतं? आणि कोकणातलं कौलारू घर त्यात का बसत नाही?

ऑनलाइन बाजारात 'मिनिएचर हाऊस किट' शोधलं की समोर येतात ती पुस्तकांची दुकानं, कॅफे, काचेच्या खिडक्यांचे बंगले आणि परदेशी धाटणीच्या खोल्या. लाकडाचे कापलेले तुकडे, गोंद, कापड, कागद, इवलेसे दिवे असं सगळं एका डब्यात मिळतं आणि साधारण हजार-दीड हजारापासून पुढे किंमत असते. आठ-दहा रात्री बसलं की टेबलावर एक घर तयार होतं. फक्त ते घर आपल्या ओळखीचं नसतं. पुढे खळं, दारात तुळस, ओटीवर झोपाळा आणि वर मंगलोरी कौलं असलेलं घर या डब्यांत सहसा सापडत नाही.

फोंडाघाटसारख्या गावात ही उणीव जास्त जाणवते. कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूरमार्गे घाट उतरला की पायथ्याशी लागणारं, कणकवली तालुक्यातलं हे गाव. इथे आणि आसपासच्या वाड्यांमध्ये चिऱ्याची, मातीची कौलारू घरं अजून आहेत. पण एकेका घराची कौलं उतरून पत्रे चढतायत, काही घरांच्या जागी स्लॅब येतोय. किट जोडताना हाताला लागणारी सवय अशा घराची आठवण मापासकट जपायला वापरता येते. त्यासाठी आधी किट कसं चालतं ते पाहू.

किटच्या डब्यात नेमकं काय असतं?

मुख्य वस्तू म्हणजे प्लायवूडचे किंवा एमडीएफचे पातळ पत्रे. जाडी साधारण दीड ते तीन मिलिमीटर. त्यावर लेझरने भिंती, पायऱ्या, खुर्चीचे पाय, खिडकीच्या चौकटी कापलेल्या असतात आणि प्रत्येक तुकडा दोन-तीन ठिकाणी मुख्य पत्र्याला चिकटून राहिलेला असतो. लेझर लाकूड जाळत जातो, त्यामुळे कडा तपकिरी दिसतात आणि डबा उघडला की जळकट वास येतो. सोबत छापील भिंतीकागद, गाद्या-पडद्यांसाठी कापड, तारा, मणी, अॅक्रिलिकच्या खिडक्या, एलईडी आणि क्रमांक घातलेली मार्गदर्शक पुस्तिका असते.

लेझरची फट अगदी बारीक, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. म्हणून एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसते. नवखा माणूस गडबडतो तो इथेच. तुकडा ओढून काढला की बारीक जीभ मोडते. मागच्या बाजूने कटरने टाके कापून मगच तुकडा मोकळा करायचा, कडेवरून बारीक सँडपेपर फिरवायचा, गोंद न लावता एकदा जुळवून पाहायचं आणि नंतर चिकटवायचं. कंटाळवाणं आहे, पण निम्मं काम तेच आहे.

१:२४ हे प्रमाण काय सांगतं?

डब्यावर १:१२ किंवा १:२४ असा आकडा असतो. १:१२ म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच. १:२४ म्हणजे एक फुटाचा अर्धा इंच. सहा फुटांचं दार १:१२ मध्ये सहा इंच, १:२४ मध्ये तीन इंच. संग्राहकांची जुनी पसंती १:१२ ला. आजच्या बऱ्याच किटमध्ये जागा वाचवायला १:२४ किंवा त्याच्या जवळपासचं प्रमाण वापरतात.

१:१२ मधलं सर्वात गाजलेलं घर ब्रिटनच्या विंडसर कॅसलमध्ये आहे. क्वीन मेरी यांच्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात बांधलेल्या या 'डॉल्स हाऊस'मध्ये नळाला पाणी येतं, विजेचे दिवे लागतात आणि लिफ्टही आहे. त्याचा आराखडा एडविन लटयन्स यांचा. त्याच काळात ते दिल्लीत व्हाइसरॉयचं निवासस्थान, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, उभं करत होते. दोन्हीकडे एकच माणूस मापं काढत होता, हे गमतीचं आहे.

आपल्याकडे अशा 'बाहुलीघरा'ची परंपरा नसली तरी छोट्या मापातल्या जगाचं वेड नवं नाही. दिवाळीतला मातीचा किल्ला हे महाराष्ट्रातल्या बहुतेकांचं पहिलं मॉडेल. पुण्यात विलास करंदीकर यांनी भातुकलीच्या वस्तूंचा मोठा संग्रह करून तो प्रदर्शनांतून लोकांसमोर आणला. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. आणि कोकणात गणपतीच्या आराशीत पुठ्ठ्याचं कौलारू घर, त्यापुढची विहीर आणि भाताची शेतं हा तर नेहमीचा देखावा. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आरास करणारे हात पुठ्ठा, कागद आणि लाकडाकडे जास्त वळले.

जोडताना सर्वात जास्त चूक कुठे होते?

दिव्यांत. पुस्तिकेत वायरिंग बहुतेक वेळा मध्येच कुठेतरी येतं आणि लोक आधी भिंती चिकटवून मोकळे होतात. मग वायर न्यायला वाट उरत नाही. प्रत्येक एलईडी चिकटवण्याआधी बॅटरीला लावून पाहावा. एलईडीला धन आणि ऋण टोक असतं. उलटा जोडला तर तो जळत नाही, नुसता लागत नाही, म्हणून दोष सापडायला वेळ जातो. वायर भिंतीच्या मागून आणि फरशीच्या खालून न्यावी, छप्पर शेवटपर्यंत उचलता येईल असं ठेवावं. बिघाड पुढेमागे होणारच, तेव्हा आत हात गेला पाहिजे.

किती वेळ चालतील दिवे? सीआर २०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीत साधारण २२० मिलिअॅम्पिअर-तास एवढी क्षमता असते. चार एलईडी मिळून २० मिलिअॅम्पिअर घेत असतील तर हिशेबाने अकरा तास. प्रत्यक्षात त्याआधीच उजेड मंदावतो. रोज संध्याकाळी घर उजळवायचं असेल तर दोन ट्रिपल-ए सेलचा डबा बसवणं परवडतं.

पावसाळ्यात किटचं काय होतं?

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि फोंडाघाट तर सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी. जुलैत हवेतली आर्द्रता सहज ८५-९० टक्क्यांवर असते. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मीठ पाणी सोडतं. अशा हवेत पातळ लाकूड गप्प बसत नाही.

हिशेब असा. तीन मिलिमीटर जाडीचा एमडीएफ ओल धरून दोन-तीन टक्के जरी फुगला तरी जाडी ०.०६ ते ०.०९ मिलिमीटरने वाढते. आकडा नगण्य वाटतो, पण खाचेतली मोकळीकच ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे कोरड्या कारखान्यात सहज बसणारा सांधा श्रावणात हातोडी मागतो, आणि जोर लावला की जीभ तुटते. प्लायवूड एमडीएफपेक्षा कमी फुगतं, कारण त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात. पण मोठा पत्रा एकाच बाजूने रंगवला किंवा एकाच बाजूला कागद लावला तर तो धनुष्यासारखा वाकतो. उपाय सोपा आहे : दोन्ही बाजूंना सारखाच हात द्यायचा, रंगाचा असो वा पातळ केलेल्या व्हार्निशचा.

गोंदाची तर उलटसुलट तऱ्हा. पांढरा फेव्हिकॉल त्यातलं पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो, त्यामुळे दमट हवेत त्याला खूप जास्त वेळ लागतो. पुस्तिकेत अर्धा तास लिहिला असेल तर पावसाळ्यात रात्रभर क्लिप लावून ठेवावं लागेल. याउलट फेव्हिक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट गोंद घट्ट होतो तोच हवेतल्या ओलाव्यामुळे. दमट हवेत तो झटक्यात धरतो, तुकडा सरळ करायला सवड देत नाही आणि जवळच्या अॅक्रिलिक खिडकीवर पांढरट धुरकट थर सोडतो. खिडक्या याने चिकटवू नयेत. तिथे फेव्हिकॉलचा बारीक ठिपका आणि धीर पुरतो.

म्हणून कोकणात किट उघडायचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. पावसातच करायचं असेल तर पत्रे झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि काम झाकणाच्या डब्यात. तयार घर काचेच्या पेटीत ठेवणार असाल तर पेटी पूर्ण बंद करू नका. आत अडकलेल्या ओलीवर बुरशी जोमाने वाढते.

मग किटच्याच पद्धतीने कोकणी घर बांधता येईल का?

येतं, पण किटच्या भिंती चालत नाहीत. दोन मिलिमीटरची भिंत १:२४ च्या हिशेबाने खऱ्या घरात अठ्ठेचाळीस मिलिमीटरची, म्हणजे दोन इंचांचीही नाही. जांभ्याचा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच असतो. ९ इंचांची भिंत १:२४ मध्ये साडेनऊ मिलिमीटर भरते. मातीची दीड फुटी भिंत असेल तर एकोणीस मिलिमीटर. म्हणून बाहेरचा एक पत्रा, आतला एक पत्रा आणि मध्ये पट्ट्या लावून पोकळी, अशी दुहेरी भिंत करावी लागते. तसं केलं की खिडकीला खोली येते, जिच्यात माणूस टेकून बसतो आणि मांजर झोपतं. ही खोली नसेल तर घर कितीही सजवलं तरी कागदी दिसतं.

चिरे दाखवायचे तर साधारण १५ बाय साडेसात मिलिमीटरचे आयत आखून रेषा कटरच्या बोथट बाजूने दाबाव्यात. वरच्या ओळीचे सांधे खालच्या ओळीवर येऊ देऊ नयेत. गवंडी तसं करत नाही.

खरी परीक्षा छपराची. मंगलोरी कौलाची कहाणी १८६५ पासूनची. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर ती कौलं सगळीकडे पोचली. त्याआधीची घरं गवताने किंवा कुंभाराच्या नळीच्या कौलांनी शाकारलेली असत. मंगलोरी कौल साधारण ४१० मिलिमीटर लांब आणि २३५ मिलिमीटर रुंद. १:२४ मध्ये ते होतं १७ बाय १० मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून थोडं मोठं. ३६ बाय ३० फुटांच्या घराचं छप्पर, चारी बाजूंनी दोन फुटांची पागोळी आणि ३० अंशांचा उतार धरला तर जवळपास १४५ चौरस मीटर होतं. चौरस मीटरला पंधरा कौलं धरली तर सुमारे २,२००. एकेक कौल कापून चिकटवायला दहा सेकंद लागले तरी सहा तास, तेही न थकता.

व्यवहारी मार्ग म्हणजे पन्हळी पुठ्ठा. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद पाण्याने ओला करून सोलला की खालच्या लाटा उघड्या पडतात. त्याच्या १७ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या लाटांना आडव्या कापायच्या आणि खालून वर, प्रत्येक पट्टीचा १३ मिलिमीटर भाग उघडा ठेवत लावायच्या. लाटा उताराच्या दिशेने उतरल्या पाहिजेत. रंग एकसारखा लाल देऊ नये. खऱ्या छपरात शेवाळलेली काळी कौलं असतात, मध्येच नवी तांबडी असतात आणि एखाद-दुसरं काचेचं, ज्यातून माजघरात उन्हाचा चौकोन पडतो. ते काचेचं कौल पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्याने दाखवता येतं, आणि आत दिवा लावला की घर पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

छपराखालचा सांगाडा मात्र झाकला जाणार म्हणून गाळू नये. वरचं आढं, त्यावरून उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौलांची बोटं अडकवलेली. हा क्रम हाताने एकदा केला की शाकारणीला माणूस एवढा वेळ का लावतो ते कळतं. पूर्वी पावसाळ्याआधी दर वर्षी कौलं हलवून, फुटकी बदलून, जळमटं आणि पालापाचोळा काढून छप्पर नीट करत. आता शाकारणी करणारी माणसं मिळत नाहीत, माकडं एका उडीत चार कौलं फोडतात आणि पत्रा एका दिवसात बसतो. पत्रा लावणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गळणाऱ्या घरात राहायचं त्याला असतं.

आत काय ठेवायचं?

याच जिल्ह्यात, सावंतवाडीच्या चितार आळीत, लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. पांगाऱ्याचं हलकं, मऊ लाकूड त्यासाठी वापरतात. राजवाड्यात गंजिफाची चित्रकला १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली, तेव्हा नखाएवढ्या जागेत चित्र काढणारे हातही इथे आहेत.

अडचण प्रमाणाची आहे. भातुकलीतला हंडा दोन इंच उंच असेल तर १:२४ च्या घरात तो चार फुटांचा होतो, म्हणजे त्यात घरातलं पोर मावेल. खरी कळशी एक फुटाची धरली तर इथे तिला अर्ध्या इंचातच राहावं लागतं. त्यामुळे बाजारातली भातुकली घालायची असेल तर घरच मोठं, निदान १:१२ चं हवं. किंवा कारागिराला माप लिहून द्यावं. "छोटं करून द्या" म्हटलं तर तो त्याच्या अंदाजाने छोटं करतो. "साडेबारा मिलिमीटर उंच" म्हटलं की दोघांचाही वेळ वाचतो.

मुलांच्या हातात द्यावं का?

खेळण्यांबाबतचा केंद्राचा गुणवत्ता आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्कही २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. मिनिएचरच्या बऱ्याच डब्यांवर '१४+' लिहिलेलं दिसतं. म्हणजे विकणाराच सांगतोय की हे लहान मुलाचं खेळणं नाही. ते गांभीर्याने घ्यावं.

कटर आणि झटपट गोंद यांची भीती पालकांना असतेच. खरा धोका बहुतेकांना माहीत नसतो, तो नाण्यासारख्या बॅटरीचा. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. संशय आला तरी थांबू नये. तडक एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर स्क्रूने बंद होणारा बॅटरीचा डबाच वापरावा.

घर मोडण्याआधी कोणती मापं घ्यावीत?

कोकणातली बरीच जुनी घरं समाईक आहेत. सातबाऱ्यावर नावं पाच-सहा, राहणारं कुणी एक किंवा कुणीच नाही. दुरुस्तीवर एकमत होईपर्यंत एखादी भिंत खाली येते. घर वाचवणं दर वेळी एकाच्या हातात नसतं, पण मोजणं असतं. त्याला कुणाची सही लागत नाही आणि एक दुपार पुरते.

आधी बाहेरची लांबी-रुंदी. मग प्रत्येक खोलीच्या चार भिंती आणि दोन्ही कर्ण. जुन्या घरात खोल्या क्वचितच काटकोनी असतात, आणि कर्ण घेतले नाहीत तर कागदावर भिंती जुळत नाहीत. भिंतीची जाडी दारात मोजता येते. दार, खिडकी, उंबरा, जोत्याची उंची, पायऱ्यांची संख्या. छपराचा कोन मोजायला फोनमधलं लेव्हल अॅप वाशाला टेकवलं की पुरतं. प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी किंवा टेप दिसू द्यावी, म्हणजे राहून गेलेलं माप नंतर फोटोवरून काढता येतं. नव्या महागड्या फोनमध्ये खोली स्कॅन करायची सोय आहे; पण अंधाऱ्या माजघरात ती फसू शकते, म्हणून टेप सोडू नये.

मापं हाती आली की संगणकावर तुकडे आखून लेझर कटिंगच्या दुकानात देता येतात. नावाच्या पाट्या आणि अॅक्रिलिकच्या ट्रॉफ्या कापणाऱ्या यंत्रावरच हे काम होतं; फोंडाघाटहून त्यासाठी सर्वात जवळचं मोठं शहर म्हणजे घाट चढून कोल्हापूर. ते नको असेल तर तीन मिलिमीटरचा पुठ्ठा, स्टीलची पट्टी आणि नवं पातं एवढ्यावरही भागतं.

मोजायला गणपतीचे दिवस सोयीचे. चाकरमानी आलेले असतात, एरवी कुलूपबंद असलेल्या खोल्या उघडतात आणि कुठली पडवी कुणी कधी वाढवली, देवघर आधी कुठे होतं, हे सांगणारी माणसं एकाच वेळी घरात असतात. ती माहितीही मापांशेजारीच, त्याच वहीत लिहावी. फक्त भाद्रपदात ओल्या कौलांवर चढू नये. वासे आणि रिपा माळ्यावरून, आतूनच मोजता येतात.